गाडीचाही सातबारा पाहा
जुनी चारचाकी गाडी डीलरकडून हप्त्यावर घेताना आणि विकताना



शेतीखात्यातला माणूस गाड्यांबद्दल कशाला सांगतो, असं तुमच्या मनात येईल. त्याचं कारण एका उसाच्या फडात सापडलं. मोठ्या बांधणीची वेळ होती. या वेळी उसाला एकूण नत्रापैकी ४० टक्के नत्र द्यायचे असते. फड मात्र पिवळा पडलेला. मी मालकाला विचारलं, "अहो, नत्राचा हप्ता का चुकवला?" ते म्हणाले, "काय सांगू साहेब, खताचा हप्ता गाडीच्या हप्त्यात गेला."

त्यांनी तालुक्याच्या गावी एका डीलरकडून जुनी पिकअप घेतली होती. पदरचे ५० हजार भरले आणि ३ लाख कर्ज काढले. महिन्याला ११,३३३ रुपयांचा हप्ता. मी गाडीचे कागद मागितले. सहा महिने होऊन गेले होते, तरी गाडी पुस्तकावर दुसऱ्याच तालुक्यातल्या कुणाच्या तरी नावावर होती. यांच्याकडे डीलरची एक पावती आणि गाडीची किल्ली, एवढंच.

गाडी वाईट नव्हती. भाजी आणि दूध न्यायला उपयोगी पडत होती. चूक झाली ती दोन ठिकाणी. पैसे किती जाणार ते पुरते मोजले नाही, आणि गाडी नावावर झाल्याशिवाय सौदा पुरा झाला असे मानले. या पत्रकात याच दोन गोष्टी नीट समजून घेऊ.

आधी गरज, मग गाडी

डीलरच्या दारात पाटी असते, "फक्त ५० हजार भरा, गाडी घेऊन जा." गाड्या धुऊनपुसून, टायरला काळा रंग लावून रांगेत उभ्या असतात. उसाचे बिल किंवा कांद्याची पट्टी हातात आली की ती पाटी जास्तच मोठी दिसते. तिथे जाण्यापूर्वी घरी बसून कागदावर एक हिशेब मांडा.

समजा, तुमचा माल हंगामात आठवड्याला दोन खेपा बाजारात जातो आणि एका खेपेचे भाडे १,२०० रुपये पडते. महिन्याच्या आठ खेपांचे ९,६०० रुपये झाले. हंगाम सहा महिन्यांचा धरला तर वर्षाचे भाडे ५७,६००. आता ११,३३३ रुपयांचा हप्ता बारा महिने भरला तर जवळजवळ १ लाख ३६ हजार होतात. त्यावर डिझेल, विमा, टायर, दुरुस्ती आणि चालवणाऱ्याचा रोज वेगळा. एवढ्या खेपांसाठी गाडी घेणे म्हणजे वाटीभर दुधासाठी म्हैस बांधण्यासारखे आहे. मात्र शेजारच्या चार जणांचा माल नेऊन बारा महिने काम मिळणार असेल, किंवा रोज डेअरीला दूध न्यायचे असेल, तर हिशेब बदलतो. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण घाला जरूर.

दुसरी गोष्ट. नोकरदाराला पगार महिन्याला मिळतो, म्हणून त्याला महिन्याचा हप्ता झेपतो. आपलं उत्पन्न हंगामाला येतं. तेव्हा हप्ता कशातून भरायचा ते आधीच ठरवा. दुधाचे, अंड्यांचे, भाजीपाल्याचे असे महिन्याला येणारे पैसे असतील तर त्यांच्या आत बसेल एवढाच हप्ता घ्यावा. तसे उत्पन्न नसेल तर सहामाही हप्ते मिळतील का, हे बँकेला विचारावे. पीककर्जाचा पैसा गाडीत घालू नये. पीककर्ज वेळेवर फिटले नाही तर व्याजाची सवलत जाते, आणि पुढच्या हंगामाला बँकेच्या दारात मान खाली घालून उभे राहावे लागते.

हप्ता मोजू नका, एकूण पैसा मोजा

गाडीची किंमत काय, असे विचारले की डीलर हप्ता सांगतो. आपणही घरी येऊन हप्ताच सांगतो. इथेच फसगत होते. हप्ता लहान करायला मुदत वाढवली की पुरे, पण व्याज तेवढे वाढत जाते.

व्याज लावण्याच्या दोन रीती आहेत. एक फ्लॅट, म्हणजे सपाट दर. दुसरी घटत्या शिलकीवरचा दर. दोन्हींत '१२ टक्के' असेच लिहिलेले असेल, पण अर्थ फार वेगळा आहे. कर्ज ३ लाख, मुदत ३ वर्षे, दर १२ टक्के धरून पाहू.

सपाट दराने:
वर्षाचे व्याज ३६,०००, तीन वर्षांचे १,०८,०००
एकूण फेड ४,०८,०००
महिन्याचा हप्ता ११,३३३ रुपये

घटत्या शिलकीवर:
तीन वर्षांचे व्याज सुमारे ५८,७००
एकूण फेड सुमारे ३,५८,७००
महिन्याचा हप्ता सुमारे ९,९६४ रुपये

दर तोच आणि मुदतही तीच, तरी फरक ४९ हजारांच्या वर गेला. तो का पडतो? सपाट दरात तुम्ही महिन्याला ८,३३३ रुपये मुद्दल फेडत असता. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मुद्दल एक लाखावर आलेले असते, तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण ३ लाखांवरच लागत राहते. म्हणजे विहिरीतला गाळ काढून झाला तरी गाळ काढणाऱ्याची मजुरी चालूच! घटत्या शिलकीच्या भाषेत सांगायचे तर १२ टक्के सपाट म्हणजे सुमारे २१ टक्के. फडातल्या त्या शेतकऱ्याचा हप्ताही ११,३३३ होता, हे ध्यानात घ्या. त्यांना १२ टक्केच सांगितले होते. खोटे कुणी बोलले नव्हते. 'सपाट की घटता?' एवढा एक प्रश्न मात्र यांनी विचारला नव्हता.

तिसरा खड्डा कापून घेतलेल्या पैशांचा. फाईलचा खर्च, गाडीचे मूल्यांकन, स्टॅम्प, कर्जाचा विमा अशी नावे लावून मंजूर रकमेतून पैसे वळते होतात. मंजूर ३ लाख आणि हातात २ लाख ८८ हजार. व्याज मात्र ३ लाखांवरच.

यावर आता चांगला उपाय आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी अशा कर्जाच्या आधी ग्राहकाला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचा कागद दिलाच पाहिजे. तो ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत असावा लागतो. त्यात ए.पी.आर. नावाचा एक दर असतो. व्याज आणि सगळे खर्च मिळून कर्ज वर्षाला खरोखर किती टक्क्यांनी पडते, ते त्यात दिसते. दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना करायची तर हाच एक आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. त्या कागदात न लिहिलेला खर्च तुमच्या संमतीवाचून नंतर लावता येत नाही. हा कागद मिळाल्यावर विचार करायला निदान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. "आजच सही करा, उद्या गाडी जाईल," असे कुणी म्हणाले तर गाडी जाऊ द्या. बाजारात दुसरी मिळेल.

कर्ज कुठून काढावे?

डीलरच्या टेबलावरच फायनान्सवाला बसलेला असतो. सोय होते, फाईल लवकर निघते. पण कर्ज मिळवून दिल्याबद्दल डीलरला पुष्कळदा फायनान्स कंपनीकडून दलाली मिळते. म्हणून तो जे कर्ज सुचवील ते तुम्हाला सर्वांत स्वस्त पडेलच असे नाही. डीलरकडे जाण्यापूर्वी तुमचे खाते असलेल्या राष्ट्रीयीकृत बँकेत आणि जिल्हा बँकेत चौकशी करा. पतसंस्थेतूनही कर्ज मिळते. फक्त ध्यानात ठेवा की पतसंस्था सहकार खात्याच्या देखरेखीखाली असतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. तेव्हा वर सांगितलेला कागद तिथे आपणहून मागून घ्यावा.

सही करण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या.

१. दर सपाट की घटता? ए.पी.आर. किती?
२. हातात नक्की किती रक्कम येणार?
३. हप्ता चुकला तर दंड किती? (१ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांत बँका आणि फायनान्स कंपन्यांना दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही.)
४. उसाचे बिल आल्यावर मुदतीआधी कर्ज फेडले तर काही आकार लागेल का?
५. हप्ते थकले तर गाडी नेण्यापूर्वी किती दिवसांची नोटीस मिळेल?

कोऱ्या कागदावर, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. कोरे चेक देऊ नका. चेक वटला नाही तर फौजदारी खटला होऊ शकतो. आणि भावकीतल्या कुणाला जामीन राहायला सांगाल तेव्हा त्याला खरे सांगा. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. "नुसती सही कर" असे म्हणून नात्यात वैर पेरू नका.

हप्ते थकले की 'गाडी ओढून नेली' असे आपण ऐकतो. वसुलीचा हक्क सावकाराला आहे, पण दांडगाईचा नाही. बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ओढून नेलेली गाडी लिलावात कमी पैशात गेली तर राहिलेली बाकी आपल्यालाच भरावी लागते. गाडीही जाते, देणेही राहते. म्हणून अडचण आली तर लपून बसू नका. हप्ता चुकण्याआधीच शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि मुदत मागा.

गाडीचा सातबारा

जमीन घेताना तुम्ही काय करता? सातबारा काढता, इतर हक्कांत कुणाचा बोजा आहे का ते पाहता, आणि खरेदीनंतर फेरफार होऊन आपले नाव लागेपर्यंत तलाठ्याकडे खेटे घालता. गाडीलाही सातबारा असतो. त्याला आर.सी. किंवा गाडीचे पुस्तक म्हणतात. त्यावर मालकाचे नाव असते आणि कर्ज असेल तर सावकाराच्या नावाचा बोजा असतो. बोजाला आर.टी.ओ. कचेरीत हायपोथिकेशन म्हणतात. आणि नाव बदलणे हा गाडीचा फेरफार.

तेव्हा इसार देण्यापूर्वी ही तपासणी करा. घरातल्या शिकलेल्या मुलाला मोबाईलवर परिवहन खात्याच्या नोंदी उघडायला सांगा. एम-परिवहन या ॲपवर गाडीचा नंबर घालून बरीच माहिती मिळते.

• पुस्तकावर नाव कुणाचे आहे? विकणारा तोच आहे की मधले कुणी?
• चेसिस आणि इंजिनचा नंबर पुस्तकाशी जुळतो का? गाडीखाली वाकून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. खरवडलेला नंबर असेल तर तिथूनच परत फिरा.
• आधीच्या कर्जाचा बोजा आहे का?
• टॅक्स, विमा, पी.यू.सी. आणि मालवाहू गाडी असेल तर फिटनेस, म्हणजे ज्याला आपण पासिंग म्हणतो ते, कधीपर्यंत आहे?
• पोलिसांचे ई-चलन किती बाकी आहे?
• गाडी किती वर्षांची? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर ती पुन्हा करून घ्यावी लागते आणि तिचा खर्च वेगळा.
• गाडी परराज्यातील आहे का? तसे असेल तर तिकडच्या आर.टी.ओ.चा ना हरकत दाखला हवा, आणि आपल्या राज्याचा टॅक्स भरावा लागतो. स्वस्त दिसणारी गाडी इथे महाग पडते.

बोजाबद्दल एक बारकावा आहे. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरला असे समजू नका. सावकाराचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ आर.टी.ओ.कडे गेल्यावरच पुस्तकावरची नोंद निघते. कित्येकांचे दाखले वर्षानुवर्षे पेटीत पडून असतात आणि गाडी विकायच्या दिवशी धावाधाव होते.

बैल पारखता, तशी गाडी पारखा

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. गाडीलाही तेच लागू. डीलरच्या मिस्त्रीवर न विसंबता आपला मिस्त्री बरोबर न्या. त्याला दिलेले पाचशे रुपये वाया जात नाहीत.

सकाळी इंजिन थंड असताना गाडी चालू करायला लावा. तापवून ठेवलेल्या इंजिनाचे दोष लपतात. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल खाते. दाट काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर पाणी आत जात असण्याचा संभव आहे. किलोमीटरचा काटा मागे फिरवलेला असू शकतो. काट्यावर ४० हजार आणि ब्रेकचे पायडल झिजून गुळगुळीत, असे असेल तर काटा खोटा. सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा आणि त्यांतले आकडे जुळवा. पुरात बुडालेली गाडीही रंगवून विकायला येते. सीटचा पट्टा पूर्ण ओढून पाहा, मॅट उचलून पाहा. चिखलाचा डाग, गंज आणि कुबट वास लपत नाही. शेवटी भरल्या गाडीने निदान १५ किलोमीटर, थोडी चढण असलेल्या रस्त्यावर, चालवून पाहा.

इसार आणि पावती

इसार दिला की पावती घ्या. पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली पूर्ण किंमत आणि ही दोन वाक्ये लिहून घ्या: "कर्ज मंजूर न झाल्यास अथवा कागदपत्रांत दोष निघाल्यास इसाराची रक्कम परत केली जाईल." आणि, "आजपर्यंतचे चलन, टॅक्स व कर्जाची बाकी विकणाऱ्याने भरायची आहे." तोंडी शब्द वाऱ्यावर जातो.

डीलर बिलात जी.एस.टी. लावील. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवर हा कर १८ टक्के आहे, पण तो नोंदणीकृत डीलरच्या नफ्यापुरता, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. डीलरने ३ लाखांना घेतलेली गाडी ३ लाख ४० हजारांना विकली तर कर ४० हजारांवर, म्हणजे ७,२०० रुपये. पूर्ण किमतीवर १८ टक्के मागितले तर हिशेब विचारा. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख देऊ-घेऊ नका. रोख घेणाऱ्यास तेवढाच दंड होऊ शकतो. बँकेतून दिलेल्या पैशाला बँकच साक्षीदार असते.

नाव बदलले तरच सौदा पुरा

आता मुख्य गोष्ट. गाडीची किल्ली हातात आली म्हणजे गाडी आपली झाली नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवून नाव बदलून घ्यायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. लोक त्यांना टी.टी. फॉर्म म्हणतात. कर्ज असेल तर फॉर्म ३४ भरून नव्या सावकाराचा बोजा चढतो. "करून देतो की, कागद माझ्याकडे आहेत," असे डीलर म्हणाला तर अर्ज दाखल झाल्याची पावती मागा. शक्य असेल तर किमतीतले थोडे पैसे नाव लागेपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवून घ्या.

विम्याचेही तसेच. विमा जुन्याच मालकाच्या नावावर राहिला आणि गाडीला अपघात झाला तर आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून नाव बदला. जुन्या मालकाची नो क्लेम बोनसची सवलत तुम्हाला मिळत नाही. ती माणसाबरोबर जाते, गाडीबरोबर नाही. खासगी नोंदणीच्या गाडीत भाड्याने माणसे भरू नका. तशा अपघातात विमा कंपनी दावा नाकारू शकते.

गाडी विकणाऱ्या बंधूंनो, तुम्ही जास्त जपा

विकणाऱ्याला वाटते की पैसे मिळाले, आपण सुटलो. तसे नाही. उत्तरेकडील एका खटल्यात मालकाने गाडी विकली. ती एकामागून एक बऱ्याच हातांत गेली, पण पुस्तकावर नाव पहिल्याच मालकाचे राहिले. २००९ साली त्या गाडीने जीवघेणा अपघात झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ साली निकाल लागला, की पुस्तकावर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी हातची गेल्यावर दुसऱ्याच्या हातून झालेल्या अपघाताचे पैसे पहिल्या मालकाच्या माथी आले. विचार करा, उद्या अशी वेळ आपल्यावर आली तर भरपाई कुठून देणार? घरातली जमीनच डोळ्यांपुढे उभी राहते.

डीलरला गाडी दिली की यात एक आडवळण येते. डीलर स्वतःच्या नावावर गाडी न करता तुमच्या सहीचे कोरे टी.टी. फॉर्म ठेवून घेतो आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी फिरत राहते. ही मधली मुदत धोक्याची. त्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून केंद्र सरकारचा नियम आला आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरने आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घ्यायचे असते. ते फॉर्म २९-बी मध्ये मिळते. अशा डीलरला गाडी सोपवताना फॉर्म २९-सी प्रमाणे ऑनलाइन सूचना दाखल होते, आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. म्हणून डीलरकडे गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा, "अधिकारपत्र दाखवा." ते नसेल तर हे संरक्षण तुम्हाला मिळत नाही.

विकताना एवढे करा:

१. गाडी सोपवल्याची तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेली पावती घ्या. काट्याचा फोटो काढून ठेवा.
२. गाडी विकत घेतली की नुसती विकायला ठेवली, ते पावतीवर स्पष्ट लिहून घ्या. नुसती ठेवली असेल तर किती दिवसांत, किती किमतीच्या खाली नाही आणि दलाली किती, हेही लिहा.
३. फॉर्मवर तारीख व घेणाऱ्याचे नाव घालूनच सही करा आणि झेरॉक्स ठेवा.
४. तुमचे कर्ज बाकी असेल तर बँकेकडून बाकीचा लेखी आकडा आणा आणि ती रक्कम थेट बँकेत भरायला लावा. "हप्ते आम्ही भरत राहू" या बोलीवर गाडी कधीही देऊ नका.
५. फास्टॅग बंद करा, नाहीतर दुसऱ्याचा टोल तुमच्या खात्यातून जाईल.
६. महिन्याभराने गाडीचा नंबर घालून नाव बदलले का ते स्वतः पाहा.

फसगत झाली तर

आधी डीलरला किंवा सावकाराला लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्याचा माहितीचा फोन १४४४८. डीलरविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. ग्राहक मदतीचा फोन १९१५. पण या सगळ्या दारांवर पहिला प्रश्न एकच असतो, "कागद आहे का?"

त्या उसाच्या फडाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आम्ही दोघे डीलरकडे तीनदा गेलो, तेव्हा टी.टी. फॉर्म निघाले आणि पुढच्या महिन्यात गाडी त्यांच्या नावावर झाली. सपाट व्याजाचा करार मात्र सहीचा होता, तो बदलला नाही. हप्ता आता दुधाच्या बिलातून जातो आणि खताचे पैसे घरच्या बाईंनी वेगळ्या खात्यात ठेवले आहेत. त्या वर्षी उसाचा उतारा जो घटायचा तो घटलाच. वेळ गेल्यावर दिलेल्या खताने तो भरून येत नाही.

तर मंडळी, गाडी जरूर घ्या. बाजार जवळ येतो, आजाऱ्याला दवाखान्यात वेळेवर नेता येते, पोरांचे हातपाय हलते राहतात. पण घेण्यापूर्वी एकूण पैसा मोजा, आणि घेतल्यावर नाव लागेपर्यंत पाठ सोडू नका. हे पत्रक घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा आणि सातबाऱ्याच्या कागदांतच जपून ठेवा. डीलरकडे जाताना बरोबर न्या.